सुट्टीत गावाला निघताय? आधी हवामान खात्याचा नकाशा असा वाचा

जळगाव : शाळांच्या परीक्षा आटोपल्या की पुणे, मुंबई, सुरतहून लेकी-जावई, नातवंडं खान्देशात येतात. इकडची मंडळी शेगाव, सप्तशृंगी गड, ओंकारेश्वरला दर्शनाला जातात, कुणी कोकणात समुद्र बघायला जातं. लग्नाच्या तिथीही याच दिवसांत असतात. बस-रेल्वेचं तिकीट आठवडाभर आधी बघितलं जातं, पण उन्हाचा अंदाज बहुतेक जण निघायच्या दिवशी सकाळी बघतात, तेही "आज ४४ अंश" एवढंच. सोबत म्हातारं माणूस, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर एवढ्यावर भागत नाही. हवामान खात्याचे नकाशे आणि तक्ते मोबाईलवर फुकट मिळतात. ते कसे वाचायचे, याची ही माहिती.

आकडा सावलीतला असतो

हवामान केंद्रात तापमापक पांढऱ्या, जाळीदार पेटीत, माणसाच्या उंचीच्या आसपास ठेवलेला असतो. त्यावर थेट ऊन पडत नाही. म्हणजे ४४ अंश हे सावलीतलं, मोकळ्या हवेतलं तापमान झालं. डांबरी रस्त्यावर मोटारसायकलवर, पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद गाडीत बसलेल्या माणसाला त्याहून जास्त सोसावं लागतं.

लाट कशाला म्हणतात?

सपाटीवरच्या भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल, तर त्याला उष्णतेची लाट म्हणतात. फरक ६.४ च्या वर गेला तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोहोचला तरी लाट आणि ४७ ला पोहोचला तर तीव्र लाट धरतात. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे, डोंगराळ भागासाठी ३० ची. एकाच हवामान विभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लाट मुख्यतः सरासरीवरून ठरते. एखाद्या गावाची सरासरी ४२ असेल आणि अंदाज ४४ चा असेल, तर फरक फक्त २ अंशांचा. नियमानं ती लाट नाही, नकाशावर जिल्हा हिरवा दिसू शकतो. पण ४४ चं ऊन ते ४४ च. गावातल्या माणसाचं अंग त्याला थोडंफार सरावलेलं असतं, पुण्याहून कालच आलेल्या नातवाचं नसतं. हिरवा रंग म्हणजे ऊन नाही, असा अर्थ काढू नये.

सरासरी घरीच काढा

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर शहराच्या पानावर कालचं कमाल तापमान आणि त्याचा सरासरीशी फरक दिलेला असतो. समजा काल ४४ होतं आणि फरक +२ आहे. ४४ मधून २ वजा केले की सरासरी ४२. आता पुढच्या दिवसांचे आकडे बघा. ४५ किंवा ४६ दिसत असतील तर लाटेची मर्यादा गाठली जाणार, हे इशारा येण्याआधीच कळतं. जिथं जायचंय तिथल्या जवळच्या शहराचं पानही असंच बघावं.

रंगांचा अर्थ

- हिरवा : इशारा नाही.
- पिवळा : लक्ष ठेवा. काही भागात दोन दिवस लाट राहू शकते.
- केशरी : तयारीत राहा. दोन दिवस तीव्र लाट, किंवा साधी लाट पण चार दिवस वा जास्त.
- लाल : कृती करा. तीव्र लाट दोन दिवसांहून जास्त, किंवा एकूण सहा दिवसांहून अधिक लाट.

म्हणजे रंग नुसता पारा किती चढणार ते सांगत नाही, ऊन किती दिवस टिकणार तेही सांगतो. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत घराच्या भिंती तापलेल्या असतात, झोप पुरी होत नाही, अंग थकतं. एका दिवसाच्या उन्हापेक्षा असं सलग ऊन जास्त बाधतं.

पिवळा रंग कशाचा, ते चिन्हावरून ओळखा

हेच चार रंग पाऊस, वादळी वारा आणि विजांच्या इशाऱ्यालाही वापरतात. मे महिन्यात वळवाचे दिवस असतात. जिल्हा पिवळा दिसला म्हणून तो उन्हाचाच असेल असं नाही. रंगासोबतचं चिन्ह किंवा खालचा मजकूर वाचावा. विजांचा इशारा असेल तर दुपारनंतरचा मोटारसायकलचा प्रवास टाळलेला बरा.

मजकुरात "तुरळक ठिकाणी" असं लिहिलेलं असेल तर विभागातल्या चौथाई किंवा त्याहून कमी केंद्रांवर तसं होण्याचा अंदाज असतो. "बहुतांश ठिकाणी" म्हणजे तीन चौथाईपेक्षा जास्त.

रात्रीचा आकडा विसरू नका

बहुतेक जण कमाल तापमान बघतात, किमान सोडून देतात. दिवसाचा पारा ४० किंवा वर असताना रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश वा जास्त राहिलं, तर हवामान खातं त्याला उष्ण रात्र म्हणतं. रात्री अंग निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन सोसत नाही. ज्या घरी उतरायचं ते पत्र्याचं आहे का, रात्री वीज जाते का, हे आधीच विचारून घ्यावं.

कोकणात पारा कमी, घाम जास्त

किनारपट्टीवर ३६-३७ अंश बघून खान्देशातला माणूस निर्धास्त होतो. पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग गार होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघर इथं पुरस्कार सोहळ्यासाठी लोक भर उन्हात तासन् तास बसले होते. त्यात दहापेक्षा जास्त जणांचा जीव गेला. जवळच्या केंद्रावर पारा चाळिशीच्या आतच होता.

त्याच वर्षापासून हवामान खातं प्रायोगिक उष्मा निर्देशांकाचा नकाशा देतं. त्यात तापमान आणि हवेतला दमटपणा एकत्र धरलेला असतो. ३५ पर्यंत हिरवा, ३६ ते ४५ पिवळा, ४६ ते ५५ केशरी, ५५ च्या वर लाल. कोकणात निघणाऱ्यांनी आधी हा नकाशा बघावा.

वाटेतले सगळे जिल्हे बघा

जळगाव जिल्हा हवामानाच्या दृष्टीनं मध्य महाराष्ट्र विभागात येतो, त्याचा अंदाज मुंबईच्या केंद्रातून निघतो. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. तिथला अंदाज नागपूरचं केंद्र देतं. ओंकारेश्वर मध्य प्रदेशात, तिथलं केंद्र भोपाळला. म्हणून जळगावचा अंदाज बघून शेगावला निघणं पुरेसं नाही. जाण्याचा जिल्हा, वाटेतले जिल्हे आणि परतीचा दिवस, तिन्ही तपासावे.

कोणता अंदाज कधी बघायचा?

- दोन-तीन आठवडे आधी : दर गुरुवारी विस्तारित अंदाज निघतो. त्यात पुढचे आठवडे सरासरीपेक्षा तापणार का, एवढा कल कळतो. तारीख ठरवताना तो कामाचा, पण त्यावरून एखाद्या दिवसाचं ऊन सांगता येत नाही.
- पाच दिवस आधी : जिल्हानिहाय रंगीत नकाशा रोज बघायला लागा. रंग दिवसागणिक गडद होतोय की फिका, हे महत्त्वाचं.
- आदल्या संध्याकाळी : ताजा इशारा बघून निघायची वेळ पक्की करा.

मोबाईलमधल्या इतर हवामान ॲपवर दहा-पंधरा दिवसांचे आकडे दिसतात. ते संगणकाचं गणित असतं, पुढच्या दिवसांचं तितकंच कच्चं. दोन ॲपमध्ये चार अंशांचा फरक दिसला तर अंदाज अजून पक्का नाही असं समजावं आणि सरकारी इशाऱ्याची वाट बघावी. हवामान खात्याचं "मौसम" ॲप त्यासाठी आहे. शेतीचा सल्ला "मेघदूत" वर आणि विजांची सूचना "दामिनी" वर मिळते.

मग ठरवायचं कसं?

हिरवा किंवा पिवळा असेल तर पहाटेची गाडी धरून दुपारी १२ च्या आत पोहोचावं, नाहीतर चारनंतर निघावं. केशरी असेल तर म्हातारी माणसं आणि लहान मुलांचा प्रवास दोन-चार दिवस पुढं ढकलावा. लाल असेल तर दर्शन आणि फिरणं रद्दच करावं. लग्नासारखं टाळता न येणारं काम असेल तर रात्रीचा प्रवास करावा आणि दुपारभर सावलीत थांबावं. बीपी, शुगर, किडनीचं औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं. घरी गुरं असतील तर ज्याच्या भरवशावर सोडायची त्याला दुपारच्या पाण्याचं बजावून सांगावं.

सोबत पाणी, ओआरएसच्या पुड्या आणि डोक्याला सुती रुमाल हवाच. तहान लागायची वाट बघू नये.

ऊन लागलं तर

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे आले तर सावलीत न्या, कपडे सैल करा, थोडं थोडं पाणी पाजा. माणूस बरळायला लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, काखेत आणि मानेला ओलं फडकं लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.