बंदुकीसोबत येणारा साचा

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परिसरात जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीची ठासणीची रायफल घडवत. गिऱ्हाईक बंदूक घेऊन निघे, तेव्हा गोळ्या ओतायचा साचाही सोबत नेई. प्रत्येक नळी हाताने कोरलेली. एकीची गोळी दुसरीत बसेलच असे नाही.

मापही शिशाच्या हिशेबाने सांगत: एका पौंडात किती गोळ्या? अर्धा इंच व्यासाच्या नळीसाठी हे उत्तर साधारण 40 असे.

साचा मात्र नळीपेक्षा किंचित लहान गोळीचा लागे. चरबी लावलेल्या कापडाच्या चिंधीत बसवूनच गोळी गजाने आत ठासायची. ती चिंधी नळीतल्या पिळदार आट्यांना घट्ट धरी आणि गोळीला फिरकी देई. हरणावर धरलेला नेम या फिरकीवरच टिके. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे जंगलातल्या शेकोटीवरही गोळ्या ओतता येत.

1849 मध्ये फ्रान्सच्या मिनिए यांनी बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी आणली आणि साच्याची निवड बदलली. सावकाश पिळाच्या नळीला गोल गोळी मानवते, लांबट गोळीला जलद पीळ लागतो.

1974 मध्ये पेनसिल्व्हेनियाने चकमकीने पेटणाऱ्या अशाच ठासणीच्या बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. साचा घेणाऱ्याने आजही आधी आपल्या नळीचा व्यास आणि पीळ मोजावा.