दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी

आगगाडीत राखीव डबा रिकामा धावत असावा आणि शेजारच्या डब्याच्या दारात माणसे लोंबकळत असावीत, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या लहरींबाबत अर्धशतकाहून अधिक काळ असेच काहीसे चालले होते. मात्र ही जागा कोणाच्या आळसामुळे रिकामी राहिली नव्हती, ती मुद्दाम रिकामी ठेवलेली होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे केंद्रे इतक्या झपाट्याने निघाली की एकाचे चित्र दुसऱ्यात मिसळू लागले. तेव्हा फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने सप्टेंबर १९४८ मध्ये नवे परवाने देणे थांबविले आणि एप्रिल १९५२ मध्ये सबंध देशाचा आराखडाच नव्याने आखला. त्यात १४ ते ८३ क्रमांकाचे, प्रत्येकी ६ मेगाहर्ट्झ रुंदीचे ७० चॅनेल वाढले. एका शहराचा चॅनेल जवळच्या शहराला द्यावयाचा नाही, लगतचे क्रमांक एके ठिकाणी द्यावयाचे नाहीत, असा दंडक होता. कारण त्या काळच्या संचांना अशा गर्दीतून हवे ते चित्र नेमके वेचता येत नसे. खेड्यापाड्यांत तर केंद्रेच थोडी, म्हणून तेथे रिकामी जागा अधिक.

संच सुधारले तरी ती जागा तशीच राहिली. या लहरी दूरवर जातात, भिंती व झाडे यांनी फारशा अडत नाहीत. जेथे तार टाकणे परवडत नाही अशा वस्तीला इंटरनेट पोहोचविण्यास याहून सोयीचे काय? २००२ च्या अखेरीस कमिशनने हा प्रश्न विचारार्थ घेतला आणि वाद पेटला. प्रक्षेपण कंपन्यांनी चित्र बिघडेल म्हणून विरोध केला. नाटकगृहांनी बिनतारी मायक्रोफोन बंद पडतील असे म्हटले. गायिका डॉली पार्टन यांनीही कमिशनला पत्र लिहिले. गंमत अशी, की हे मायक्रोफोन वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांजवळ स्वतःचाही परवाना नव्हता!

४ नोव्हेंबर २००८ रोजी परवानगी मिळाली. लहर मोकळी आहे की नाही हे उपकरणाने स्वतःच ऐकून ठरवावे, ही अट प्रथम होती. पण दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज ओळखणे कठीण. म्हणून २०१० मध्ये ती सैल करून तिच्या जोडीला असलेल्या निराळ्या युक्तीवरच भिस्त ठेवली. उपकरणाने आपले ठिकाण सांगावे आणि तेथे कोणते चॅनेल मोकळे आहेत हे मध्यवर्ती नोंदवहीला विचारावे.

पण पाहुण्याला घरावर हक्क नसतो. २०१७ मध्ये ३८ ते ५१ क्रमांकांचे चॅनेल लिलावाने सुमारे १९.८ अब्ज डॉलरला मोबाईल कंपन्यांकडे गेले. केंद्रे उरलेल्या जागेत दाटीने बसविली गेली आणि शहरांत मोकळी जागा फारच आक्रसली.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी होती. जमिनीवरील प्रक्षेपण एकट्या दूरदर्शनचे. २०१४ च्या सुमारास मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी उत्तर विभाग वगळून देशाचा हिशेब मांडला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या १२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरासरी १०० हून अधिक मेगाहर्ट्झ मोकळे होते. तेव्हाच्या प्रक्षेपणाला नीट मांडणी केल्यास चारच चॅनेल पुरले असते. पालघर तालुक्यातील खामलोली व आसपासच्या गावांत त्यांनी याच लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखविले. परवाना मात्र प्रयोगापुरताच होता.