पहिला हक्क गंजाचा

मोटार विकत घेणाऱ्या माणसाला दोन गोष्टी कधीच दिसत नाहीत : कर्जाचा शेवटचा हप्ता आणि गाडीचा तळ. पहिल्या गोष्टीची आठवण आमची बँक दरमहा न चुकता करून देते. दुसरीची आठवण मात्र मागच्या सीटवर बसलेल्या मंडळींचे पाय बसल्याजागी भिजू लागले, म्हणजेच होते.

मी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो आणि आमची शाखा आहे ऐन कोकण किनाऱ्यावर. कर्ज फिटेपर्यंत गाडीवर पहिला हक्क बँकेचा, असे करारात स्वच्छ छापलेले असते. इथे चार पावसाळे काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की पहिला हक्क गंजाचा; बँकेचा नंबर त्यानंतर. त्यामुळे आमच्या घरी गाडी घ्यायचे ठरले आणि "खालून अँटीरस्ट मारायचं की नाही?" हा प्रश्न निघाला, तेव्हा मी बी.कॉम. माणसाच्या सवयीने आधी जुनी खाती उघडली. म्हणजे इतिहास वाचायला घेतला.

तळाला लेप देण्याची विद्या मोटारीच्या कितीतरी आधीची. ती जहाजांची. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून बचाव म्हणून इंग्रजी आरमार जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत असे. खाऱ्या पाण्यात ते तांबे विरघळे. १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी तोड काढली : तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडा, ते झिजतील, तांबे वाचेल. तांबे खरोखरच वाचले. पण जहाजे सफरीवरून परतली ती तळाला शिंपल्यांच्या आणि शेवाळाच्या वसाहती घेऊन! विरघळणाऱ्या तांब्याचे विषच या पाहुण्यांना दूर ठेवत होते. तांबे विरघळायचे थांबले आणि पाहुण्यांनी बिऱ्हाड थाटले. जहाजांचा वेग मंदावला आणि आरमाराने ते तुकडे निमूटपणे काढून टाकले. तळावर केलेल्या इलाजाचा तळाशीच बसलेला हा पहिला धडा.

डेव्हीची कल्पना मात्र वाया गेली नाही. १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने लोखंडावर जस्ताचा थर देण्याचे पेटंट घेतले. जस्ताचे काम आमच्या बँकेतल्या जामीनदारासारखे. कर्ज लोखंडाचे, फेड जस्ताची. जामीनदार पुरता धुतला जाईपर्यंत मूळ कर्जदाराच्या केसालाही धक्का लागत नाही.

इथवर आले की कोणीतरी दिल्लीचा लोहस्तंभ काढतोच. "आपल्या पूर्वजांनी सोळाशे वर्षांपूर्वी केलं ते आजच्या कंपन्यांना का जमू नये?" प्रश्न रास्त आहे. मेहरौलीच्या त्या खांबाच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे त्याच्या अंगावर एक पातळ, घट्ट पापुद्रा धरला आणि दिल्लीच्या कोरड्या हवेने तो टिकवला. फॉस्फरसने पोलाद ठिसूळ होते म्हणून आजच्या पत्र्यातून तो मुद्दाम काढतात. शिवाय तो खांब सहा टनांहून जड. तो गंजाला शतकानुशतके जेवू घालू शकतो. आपला पत्रा जेमतेम एक मिलीमीटरचा. त्याची एवढी ऐपत नाही.

आणि हा पत्रा आता नुसता पत्रा राहिलेला नाही. जुन्या मोटारींना खाली जाडजूड चासी असे, वरचा सांगाडा तिच्यावर ठेवलेला. १९२२ च्या लान्सिया लॅम्ब्डाने आणि १९३४ च्या सित्रोएनने हे वेगळेपण मोडले आणि पुढे बहुतेक मोटारींत सांगाडा हाच कणा झाला. म्हणजे तळ सडला तर गाडी विद्रूप होत नाही, पांगळी होते. सस्पेन्शन त्याच पत्र्यांना धरून, सीटबेल्टचे बोल्टही तिथेच.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरायची चाल वाढली आणि गाड्या खालून कुरतडल्या जाऊ लागल्या. १९५९ मध्ये कर्ट झीबार्ट यांनी डेट्रॉइटमध्ये गंजरोधक लेपाचे दुकानच काढले. युरोपातही तीच रड. सांगाड्याचा कणा करणाऱ्या त्याच लान्सियावर १९८० साली ब्रिटनमध्ये बीटा नावाच्या गाड्या गंजापायी परत विकत घ्यायची पाळी आली.

म्हणजे हे औषध मूळचे बर्फाळ मुलखातले. आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीत. मग आपल्याला त्याचे काय?

याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना? समुद्राच्या वाऱ्यावर येणारे तेच मीठ पत्र्यावर बसते, हवेतली ओल ओढते आणि पत्रा सुकू देत नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते, हे व्हर्नन नावाच्या इंग्रज संशोधकाने १९३० च्या आसपास दाखवून दिले. जुलैत आमच्याकडे ती ऐंशीच्या वरच असते. मात्र किनारा सोडून आत गेले की वाऱ्यातले मीठ भराभर कमी होते. आणि पाऊस? पावसाचे पाणी गोडे. धोधो पाऊस उलट गाडीचा तळ धुऊन काढतो. शत्रू तो नव्हे. मडगार्डात थापला गेलेला चिखल, पाल्याने बुजलेली दाराखालची भोके, छत्र्यांनी भिजलेले कार्पेट आणि त्यावर अंथरलेली रबरी मॅट, हे खरे शत्रू. गाडी भिजण्याने सडत नाही. न वाळण्याने सडते.

आमच्या एका खातेदाराच्या, एका निवृत्त मास्तरांच्या, जुन्या गाडीपाशी मला हे नीट कळले. विकत घेतल्यावर मास्तरांनी तिला खालून डांबरी लेप दिला होता, आणि दोन वर्षांनी त्यावरच आणखी एक. तळ काळाकुळीत, मजबूत दिसत होता. मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हरने टकटक केली तसा वीतभर पोपडा खाली आला, आणि मागोमाग कार्पेट.

"साहेब," तो मला म्हणाला, "डांबर पत्र्याला धरून नव्हतं. पत्राच डांबराला धरून होता." लेप कडक होऊन तडकला होता, फटीतून पाणी आत शिरले होते आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

कर्जाचे अकरा हप्ते शिल्लक होते. मास्तर बराच वेळ त्या भोकातून जमिनीकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "म्हणजे आता मी हप्ते नेमके कशाचे भरायचे?" आमच्या छापील फॉर्मांत या प्रश्नाला रकाना नाही.

आता आजच्या गाड्यांविषयी. १९६० च्या दशकात फोर्डने अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवायची रीत आणली. १९७० च्या दशकात ती आणखी सुधारली. आपल्याकडच्या नव्या गाड्याही आता अशी आंघोळ करूनच येतात.

एवढे पुराण ऐकल्यावर सौ. म्हणाली, "अहो, ते सगळं खरं. पण मारायचं की नाही?"

तर ताळेबंद असा. पुण्या-नागपूरकडे नवी गाडी असेल तर लेपाचे पैसे वाचवा. पावसाळ्यात तळ धुऊन घ्या, भोके मोकळी ठेवा, मॅट उचलून कार्पेट वाळवा. समुद्राकाठी राहत असाल आणि गाडी दहा-बारा वर्षे वापरायची असेल तर लेप जरूर द्या. पण तो मेणासारखा, मऊ राहणारा. पावसाळ्याआधी, धुऊन पूर्ण वाळवलेल्या तळावर. जुन्या गंजावर थापणे म्हणजे बुडीत कर्जावर नवे कर्ज देणे. आणि एकदा दिला की सुटलो, असे नाही. आमचे कोळी बांधव पावसाळ्यात होडी ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेआधी तळाची डागडुजी करतात, तीही दरवर्षी. जन्माची हमी ते मागत नाहीत.

मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. समुद्राच्या वाऱ्यात वीस वर्षे, आणि गेली ती वयोमर्यादेने, सरकारी नोकरासारखी. ज्या पत्र्यावर रोजची भाकरी असते, त्याच्याखाली माणूस वाकून बघतो.

आम्ही लेप दिला. पावती फाइलला आहे. पण दर मे महिन्यात मी सतरंजी अंथरून, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो. शेजारी थांबून विचारतात, "काय हो, काही पडलं का?"

"अजून नाही," मी आतून सांगतो.