उताराचे गाव : ठाणे, अ‍ॅथलोन आणि हिवाळी प्रवासी

नदी किंवा खाडी जेथे ओलांडता येते तेथे गाव वसते. गाव संपन्न झाले म्हणजे त्या उताराच्या रक्षणासाठी किल्ला उभा राहतो. आणि किल्ल्याचे लष्करी प्रयोजन संपले म्हणजे ज्या वाटेने पूर्वी फौजा आल्या त्याच वाटेने सहलीसाठी माणसे येऊ लागतात. उताराच्या गावांचा हा क्रम अनेक देशांत आढळतो. ठाणे हे अशा गावांपैकीच एक होय. परंतु येथे या क्रमाची शेवटची पायरी अपुरी राहिली. ती का अपुरी राहिली व त्याचा गावाच्या स्मृतीवर कोणता परिणाम झाला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. तुलनेसाठी आयर्लंडातील शॅनन नदीकाठचे अ‍ॅथलोन हे लहान शहर घेतले आहे.

(१)

साष्टी बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामध्ये जी खाडी आहे तिच्या पश्चिम तीरावर ठाणे वसले आहे. शिलाहारांच्या काळी ‘श्रीस्थानक’ या नावाने ते प्रसिद्ध होते. १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांचा वध झाला. त्यानंतर थोड्याच अवधीत ओडोरिक हा इटालियन यात्रेकरू येथे आला व त्यांच्या अस्थी आपल्याबरोबर घेऊन पूर्वेकडे गेला. पुढे पोर्तुगीजांचा अंमल बसला. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्यांनी खाडीच्या काठावर भक्कम किल्ल्याचे काम हाती घेतले. पण ते पुरे होण्यापूर्वीच मार्च १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, मराठ्यांनी ठाणे जिंकले.

इंग्रज या गावात शिरले ते हिवाळ्यात, आणि तोफांसह. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी किल्ल्यास वेढा घातला. नाताळचा सण या वेढ्यातच पार पडला. २८ डिसेंबर रोजी हल्ला चढवून त्यांनी किल्ला घेतला. या मोहिमेत कमोडोर वॉटसन प्राणांतिक जखमी झाला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील इंग्रजांचा ताबा कायम झाला. पुढील पाऊणशे वर्षांत मुंबईचे इंग्रज ज्या मोसमात विरंगुळ्यासाठी साष्टीत येत राहिले, तो मोसम या वेढ्याचाच होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

(२)

आगगाडीपूर्वी मुंबईहून ठाण्यास येण्याच्या वाटा दोन होत्या. एक खाडीची, तिचे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हाती असे, आणि भरती चुकली की होडीस थांबून राहावे लागे. दुसरी साष्टीतून येणारी खुष्कीची. गव्हर्नर डंकन याच्या कारकीर्दीत १८०५ साली शीवचा बांध पुरा झाल्यावर ती सुलभ झाली. पावसाळ्यात मात्र दोन्ही वाटा कष्टाच्या असत. यामुळे सहलीचा खरा काळ पाऊस सरल्यानंतरचा. त्या दिवसांत हवा कोरडी, सकाळी थोडा गारवा आणि रस्ते पायाखाली टणक. जिल्ह्याचे अधिकारीही याच मोसमात तंबू घेऊन फिरतीवर निघत. कान्हेरीची लेणी पाहावीत व ठाण्यास मुक्काम करावा, असा सहलीचा सर्वसाधारण बेत असे.

अशा सहलीतून नव्हे, तर चर्चच्या प्रतिष्ठापनेच्या कामासाठी १८२५ साली बिशप हेबर ठाण्यास आला. त्याने केलेले वर्णन पुढील अनेक वाचकांच्या मनातील ठाण्याचे चित्र ठरले. गाव नीटनेटके व भरभराटीचे आहे, वस्तीत रोमन कॅथलिकांचे प्रमाण मोठे आहे आणि येथील लोक डुकराचे मांस खारवून टिकविण्यात वाकबगार आहेत, असे त्याने नमूद केले. परंतु त्याच वृत्तांतात त्याने त्रिंबकजी डेंगळे यांच्या सुटकेची हकीकतही दिली आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या वधाबद्दल इंग्रजांनी त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. खिडकीखाली घोड्याचा खरारा करणारा एक मराठा मोतद्दार गाणे म्हणत असे. पहारेकऱ्यांस मराठी कळत नसल्याने त्या गाण्यात सुटकेची योजना सांगितली जात आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटले. गावाची भाषा न जाणणाऱ्यास त्या गावात काय चालले आहे ते कळत नाही, हा या हकीकतीचा अर्थ पहारेकऱ्यांप्रमाणेच प्रवाशांनाही लागू पडतो.

(३)

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरले व त्याचे रूपांतर तुरुंगात झाले. सह्याद्रीच्या डोंगराळ मुलखात इंग्रजी सत्तेशी झुंजलेले महादेव कोळ्यांचे नायक राघोजी भांगरे यांना पंढरपुरास पकडण्यात आले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या या तुरुंगात फाशी देण्यात आले.

त्यानंतर पाच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, चौतीस किलोमीटर अंतर आणि सत्तावन्न मिनिटे, हा तपशील सर्वपरिचित आहे. त्या दिवशी मुंबईत सुट्टी होती, आणि ठाण्यास पाहुण्यांसाठी तंबू उभारून उपाहाराची व्यवस्था केली होती, याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. म्हणजे भारतातील आगगाडीचा पहिला उतारू हा सहलीचा उतारू होता. त्याच आठवड्यात सर जमशेटजी जीजीभाई यांनी सबंध गाडी राखून कुटुंबासह ठाण्याची फेरी केली. ज्या गावी जाण्यासाठी पूर्वी भरतीची वाट पाहावी लागे, तेथे जाऊन दिवस मावळायच्या सुमारास घरी परतता येऊ लागले.

पण या सोयीनेच ठाण्याचा मुक्काम संपविला. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणपर्यंत गेली. १८५६ पर्यंत लोहमार्ग नेरळवरून पुढे घाटाच्या पायथ्याशी पोहोचला. १८५० साली माथेरान शोधून काढणारा ह्यू मॅलेट हा ठाण्याचाच कलेक्टर होता. हवा पालटण्यास निघालेली मुंबईची मंडळी आता ठाणे ओलांडून त्या डोंगराकडे जाऊ लागली. विश्रांतीचे गाव वाटेवरचे स्टेशन झाले.

(४)

अ‍ॅथलोनच्या आयरिश नावाचा अर्थ ‘लुआनच्या उताराचे गाव’ असा आहे. शॅनन नदी ओलांडण्याची ही मध्य आयर्लंडातील मोक्याची जागा. तिच्या रक्षणासाठी इंग्लंडचा राजा जॉन याच्या कारकीर्दीत १२१० साली पश्चिम तीरावर किल्ला बांधण्यात आला. १६९० व १६९१ अशा लागोपाठ दोन वर्षी त्यास वेढा पडला. दुसऱ्या वेढ्यात तोफांच्या भडिमाराने गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला व शेवटी शत्रूची फौज उतारातून पाण्यात शिरून पलीकडे गेली. त्यानंतर गाव दीर्घकाळ छावणीचे ठिकाण राहिले. १८५१ साली, म्हणजे ठाण्याच्या अवघी दोन वर्षे आधी, डब्लिनहून गॉलवेकडे जाणारी आगगाडी येथून नदीपार गेली. १९२२ मध्ये ब्रिटिश फौजेने गाव सोडले. उतार, किल्ला, वेढा, परकी फौज आणि लोहमार्ग असा दोन्ही गावांचा क्रम येथवर जवळजवळ समान आहे.

भेद पुढे पडतो. अ‍ॅथलोनचा हिवाळा कोकणच्या हिवाळ्यासारखा सुखद नाही. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, आणि नदीकाठची कुरणे पुराच्या पाण्याखाली जातात. तरीही सुट्टीत तेथे गेलेला प्रवासी किल्ल्याच्या आत जाऊ शकतो. किल्ल्यात संग्रहालय आहे. १६९१ साली तोफांच्या माऱ्याखाली सापडलेल्यांची कथा त्याला त्याच भिंतींच्या आत सांगितली जाते. पराभवाची जागा तेथे गावाच्या स्मृतीची जागा झाली.

(५)

ठाण्याचा प्रवासी स्टेशनवरून निघून जांभळी नाक्याजवळ कोपिनेश्वराचे देवालय व मासुंदा तलाव पाहतो आणि टेंभी नाक्यावर येतो. ‘टेंब’ म्हणजे लहान उंचवटा. त्या शब्दाशी या नावाचे नाते असावे. तेथून कचेऱ्यांकडे पुढे गेले की थोड्याच अंतरावर किल्ल्याची भिंत लागते, आणि तेथे त्याची वाट संपते. किल्ला आजही कारागृह आहे. ज्या अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना जॅक्सनच्या वधाबद्दल १९ एप्रिल १९१० रोजी येथे फाशी झाले, त्यांची जागा त्या भिंतीआड आहे. अंदमानास नेण्यापूर्वी वि. दा. सावरकरांना ठेवले तेही येथेच. इतकेच नव्हे, तर १७८७ साली किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला, आणि तो ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला. कोकणच्या प्राचीन इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन अशा रीतीने याच भूमीतून वर आले.

चालू कारागृहाचा दरवाजा सहलीसाठी उघडावा, असे म्हणणे योग्य होणार नाही. आत माणसे शिक्षा भोगीत आहेत, काही खटल्याच्या निकालाची वाट पाहत आहेत. त्यांचे जगणे हा प्रेक्षणाचा विषय नव्हे. तथापि प्रवेश नाही म्हणून स्मृतीही नसावी, असे होत नाही. पहिल्या गाडीचे डबे आणि मिनिटे जितकी लोकांच्या तोंडी आहेत, तितके त्याच गावात पाच वर्षांपूर्वी फाशी गेलेल्या राघोजींचे नाव आगगाडीच्या संदर्भात कोणी घेत नाही. एप्रिल १८५३ मधील तंबू आणि मे १८४८ मधील वधस्तंभ ही एकाच लहान गावाच्या इतिहासाची दोन पाने आहेत. ती शेजारी ठेवून वाचली तरच खाडीकाठच्या या गावाचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास पुरा होतो. किल्ल्याचे नकाशे, तेथील बंदिवानांच्या नोंदी व ताम्रपटाचा पाठ एकत्र करून मराठीत सिद्ध करणे हे काम भिंतीबाहेर राहूनही करता येण्याजोगे आहे. ते झाल्यास टेंभी नाक्यावरून पुढे जाणाऱ्यास ती भिंत निदान वाचता येईल.