गोळ्या बंद, नोंद चालू

बॉस्टनच्या डॉ. एलियट जोस्लिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मधुमेही रुग्णांसाठी एक वही घातली. प्रत्येक रुग्णाला क्रमांक दिला आणि त्याच्यापुढे भेटीगणिक नोंदी वाढत गेल्या. सुरुवातीच्या रुग्णांत त्यांची स्वतःची आईही होती. रुग्ण यायचा थांबला तरी जोस्लिन त्याचे पान मिटवत नसत. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे सांख्यिकीतज्ज्ञ मदतीला घेऊन ते जुन्या रुग्णांचा माग काढत: कोण हयात आहे, कोण कशाने गेले. इन्शुलिन येण्याआधी मधुमेही मुख्यतः कोमात जाऊन दगावत. इन्शुलिननंतर ते वाचले, पण पुढे वर्षांमागून वर्षे हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडे त्यांना दगा देऊ लागली. हा बदल जगाला दिसला तो अशा दीर्घ नोंदींमुळे. एका भेटीतल्या साखरेवरून तो कधीच कळला नसता.

साखर उतरू शकते, हे मात्र त्याहून जुने ज्ञान. १८७०-७१ मध्ये प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, अन्नाची टंचाई झाली, आणि आपल्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाल्याचे अपोलिनेर बुशार्दा यांना आढळले. कमी खा, अंगमेहनत करा आणि रोज लघवी तपासा, असा त्यांचा आग्रह असे. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपवासाची कडक पद्धत बसवली. साखर जाई, पण आहार सैल झाला की परत येई. त्यामुळे साखरमुक्त झालेल्या रुग्णाचीही तपासणी चालूच ठेवावी लागे.

विसाव्या शतकात नोंदीची व्यवस्था वेगळ्याच वाटेने वाढली. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर प्रत्येक रुग्णाच्या नावाचे एक पाकीट फॅमिली डॉक्टरकडे राहू लागले. लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पाकीट डॉक्टर बदलला की रुग्णामागे नव्या दवाखान्यात जाई. १९६८ मध्ये अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी केसपेपरची मांडणीच बदलायला सांगितली. रुग्णाच्या सर्व समस्यांची क्रमवार यादी सुरुवातीलाच असावी, आणि एखादी समस्या मिटली की तसे यादीत दिसावे. १९८० च्या दशकात लफबरो येथील डॉ. जेम्स रीड यांनी संगणकासाठी छोटे कोड तयार केले आणि ब्रिटिश दवाखान्यांचा कारभार हळूहळू त्या कोडांवर चालू लागला.

न्यूमोनिया मिटतो, मोडलेले हाड सांधते. टाइप टू मधुमेह या यादीत एकदा शिरला की कायमचा राहणार, असेच सगळ्यांनी गृहीत धरले होते. त्या गृहीतकावर पुढची यंत्रणा उभी राहिली. २००४ पासून ब्रिटिश दवाखान्यांना मधुमेहींची वेगळी यादी ठेवण्याबद्दल मोबदला मिळू लागला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डोळ्यांच्या पडद्याची राष्ट्रीय तपासणी योजना सुरू झाली. यादीत नाव असलेल्याला पत्र जाई, बाहुलीत थेंब घालून पडद्याचा फोटो काढला जाई. या योजनेचे फळ मोठे होते. २००९-१० च्या आकडेवारीत, किमान पाच दशकांत प्रथमच, इंग्लंड-वेल्समधील कमावत्या वयाच्या लोकांच्या नोंदणीकृत अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण मधुमेह उरले नव्हते.

पण यादीतून बाहेर पडण्याचा रस्ता तोवर मोकळा होऊ लागला होता. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथील शल्यविशारद वॉल्टर पोरीज यांनी जठराच्या बायपास शस्त्रक्रियेचे दीर्घ निकाल छापले. अतिस्थूल अशा १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर शस्त्रक्रियेनंतर ताळ्यावर आली आणि तशीच राहिली. २०११ मध्ये न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी शस्त्रक्रियेशिवाय, केवळ आठ आठवड्यांच्या अत्यल्प उष्मांकाच्या आहाराने, ११ रुग्णांत तसाच परिणाम दाखवला. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्शुलिन पुन्हा नीट स्रवू लागते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

मग आला ‘डायरेक्ट’ हा मोठा प्रयोग. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधील ४९ दवाखाने, ३०६ रुग्ण, आणि त्यांतल्या निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरींचे सूप व शेक. वर्षभराने या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत तर ते ८६ टक्के होते.

या अवस्थेला रेमिशन म्हणतात. ती संगणकात कशी नोंदवायची, हा प्रश्न २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखाने ऐरणीवर आणला. टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन हे त्याच्या लेखकांपैकी होते. रीड कोडांत ‘मधुमेह मिटला’ यासाठी २१२एच होता आणि ‘मधुमेह रेमिशनमध्ये’ यासाठी सी१०पी. पहिला कोड पडला की रुग्ण मधुमेहींच्या यादीतून बाहेर जाई आणि त्याला डोळे तपासायला बोलावणारे पत्रही थांबण्याचा धोका असे. दुसऱ्या कोडाने तो यादीत राही, पण तो क्वचितच वापरला जाई. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मधुमेह नोंदवहीत टाइप टू रुग्णांपैकी ०.१ टक्क्याहूनही कमी जणांपुढे रेमिशनची नोंद होती.

बरे झालेल्या माणसाचे डोळे दरवर्षी का तपासायचे? साखर उतरण्याआधी ती काही वर्षे चढलेली होती. तेवढ्या काळात पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसांना झालेली इजा साखरेसोबत लगेच पुसली जात नाही. साखर फार झपाट्याने उतरली तर पडद्याचा जुना आजार काही काळ बिघडूही शकतो. शिवाय रेमिशन टिकेलच असे नाही. ‘डायरेक्ट’मधले ४६ टक्के दुसऱ्या वर्षी ३६ वर आले. पुढेही आधार मिळत राहिलेल्या गटात पाचव्या वर्षी १३ टक्केच रेमिशनमध्ये होते. वजन परतले की साखरही परतते, आणि सुरुवातीला ती कोणतेही लक्षण दाखवत नाही.

म्हणून २०२१ मध्ये अमेरिका, युरोप आणि ब्रिटनमधील मधुमेह संस्थांनी एकत्र येऊन व्याख्या ठरवली: गोळ्या बंद केल्यानंतर किमान तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी, ६.५ टक्क्यांच्या खाली. तिच्याच जोडीने पुढची काळजीही सांगितली. एचबीए१सी वर्षातून निदान एकदा तपासायचे, आणि पडदा, मूत्रपिंडे, पाय, रक्तदाब, वजन यांची पाहणी चालू ठेवायची. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या संशोधकांनी नोंदवहीतले कोड बाजूला ठेवून थेट प्रयोगशाळेचे आकडे आणि औषधांच्या नोंदी पाहिल्या. २०१९ मधील १,६२,३१६ रुग्णांपैकी ७,७१० जण, म्हणजे वीसजणांत जवळपास एकजण, रेमिशनमध्ये निघाले. ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेच्या रोगसूचीतही या अवस्थेला ‘ई११.ए’ हा स्वतंत्र कोड मिळाला.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचला आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मांडलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत गावोगावच्या सभागृहांत ऐकली गेली. सुरू करण्यापूर्वी एचबीए१सी आणि उपाशीपोटीचे इन्शुलिन तपासून घ्या, असे ते सांगतात, म्हणजे इथेही आरंभ नोंदीनेच होतो. पण स्कॉटलंडसारखी राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक नोंदी जोडू शकतो. तरी बहुतेकांचा इतिहास अजून घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रिपोर्ट आणि केसपेपरांच्या गठ्ठ्यात असतो, आणि गोळ्या बंद झाल्या की नेमका तोच गठ्ठा माळ्यावर जातो.

त्या गठ्ठ्यावर चार गोष्टी ठळक लिहिलेल्या हव्यात: निदानाचे वर्ष, शेवटची गोळी घेतल्याची तारीख, त्यानंतरचे प्रत्येक एचबीए१सी तारखेसह, आणि पडद्याच्या शेवटच्या तपासणीचा निष्कर्ष. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरला त्या दिसायला हव्यात. स्टेरॉइडने साखर चढते, आणि समोरच्या माणसाला कधीकाळी मधुमेह होता हे कळले तरच डॉक्टर त्या आठवड्यात ती तपासायला सांगतील.