विश्रामबागेतला सुरू

पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास बांधला. पेशवाई बुडाल्यावर १८२१मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, १८७९च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, पुढे नगरपालिकेची कचेरी आली आणि आता महानगरपालिकेने ही वास्तू शहराचा वारसा म्हणून जपली आहे. इतके बहुतेकांना ठाऊक असते. खरी गंमत आहे ती तेथील ‘सुरूच्या खांबां’च्या नावात.

सुरू म्हटले की कोकणच्या किनाऱ्यावरची बने आठवतात आणि खांब त्याच लाकडाचे असावेत असे वाटते. परंतु खांब सागवानी आहेत, आणि सुरूच्या झाडाची पश्चिम किनाऱ्यावर मोठी लागवड झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वाडा उभा राहिल्यावर कितीतरी वर्षांनी. नाव लाकडावरून पडलेले नाही, आकारावरून पडले आहे. फारसीत ‘सर्व’ म्हणजे सायप्रस, सरळ व निमुळता सदाहरित वृक्ष, ज्याची उपमा कवी प्रियेच्या बांध्याला देत. त्याचेच मराठीत ‘सुरू’ झाले, आणि किनाऱ्यावरच्या झाडाने ते नाव साम्यावरून मागाहून उसने घेतले असावे.

तळखड्यावर उभा असलेला हा खांब बुडाशी पानाफुलांच्या नक्षीत फुगतो आणि पन्हळी घेत वर निमुळता होत जातो. शाहजहानच्या दरबारी लेखनात अशा खांबाला ‘सर्व-अंदाम’, म्हणजे सुरूच्या अंगलटीचा, म्हटलेले आहे. कला-इतिहासकार एबा कॉख यांनी १९८२मध्ये असे मांडले की हा घाट मोगलांनी युरोपातून आलेल्या छापील चित्रांवरून उचलला. यावर कोणी म्हणेल की बुडाशी फुगणारा खांब भारताला नवा नाही, कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब तर घड्यांतूनच वर येतात. आक्षेप वजनदार खरा, पण पुरेसा नाही. कार्ल्यात घडा वेगळा आणि त्यातून निघालेला अष्टकोनी दंड वेगळा दिसतो, तर सुरूच्या खांबात पोट आणि दंड ही एकच सलग वळणदार रेषा आहे, आणि तीच युरोपीय चित्रांत आढळते. कॉख यांचेच पारडे जड ठरते. मात्र बादशाही झरोक्यात संगमरवरात घडलेला हा परका घाट पुण्याच्या सुतारांनी सागवानात इतक्या सहजपणे उतरवला, याचे श्रेय त्या जुन्या घड्याला द्यायला हरकत नाही, कारण नजरेला तो ओळखीचाच वाटला असणार.