रुक्मिणीचं पत्र आणि आपलं इंटरनेट

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. पाणी, पार्किंग, लिफ्ट यांवर इतर सभासद लिहितीलच. मी इंटरनेटवर लिहितो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केलं. आपण इथे राहायला आलो तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचं. मोडेम कर्कश ओरडायचा आणि तेवढा वेळ फोन अडकून पडायचा. पुढे ब्रॉडबँड आलं, मग फायबर आणि घरोघरी राउटर. वेग वाढला, पण "नेट गेलं" ही ओरड काही थांबली नाही.

१ जुलै २०२०, आषाढी एकादशी. कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी संत सदाराम महाराजांनी १५९४ साली सुरू केली असं सांगतात. कोरोनामुळे त्या वर्षी ती मोजक्या वारकऱ्यांसह बसने पंढरपूरला गेली. दरवर्षी पालखीसोबत पायी जाणारी आमची सौ. घरीच अडकली. निदान मोबाईलवर दर्शन घ्यावं म्हणून पहाटेच आंघोळ करून बसली. राउटरचे सगळे दिवे लागलेले, पण पान उघडेना. "काहून उघडत नाही हो?" म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी राउटर तीनदा बंद करून चालू केला. कंपनीत फोन कोणी उचलेना.

शेवटी वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मास्क लावून आला. त्याने लॅपटॉपवर तपासलं. आकड्याने विचारलं की उत्तर यायचं, नावाने विचारलं की नाही. म्हणाला, "काका, रस्ता चालू आहे, पत्ता सांगणारा झोपलाय."

इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला आकडी पत्ता असतो. आपण नाव टाकतो, त्यावरून आकडा शोधून देते ती डीएनएस यंत्रणा. बँकेत आम्ही नावावरून खाते क्रमांक काढायला इंडेक्स रजिस्टर उघडायचो, तसंच हे. सुरुवातीला अमेरिकेत ही सगळी यादी एकाच फाइलमध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवत. संगणक वाढले तशी ती आवरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी हे काम अनेक ठिकाणी वाटून देणारी डीएनएसची योजना मांडली.

आमच्या कंपनीचं हेच रजिस्टर त्या दिवशी बंद पडलं होतं. मुलाने राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ हा आकडा भरला. गूगलची ही सेवा २००९ पासून सर्वांना खुली आहे. राउटर पुन्हा चालू केला आणि दोन मिनिटांत विठोबा-रखुमाई दिसले. सौ.ने मोबाईलसमोरच हात जोडले.

कौंडण्यपूरहून रुक्मिणीने श्रीकृष्णाला पत्र पाठवलं, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पत्र कितीही कळकळीचं असो, नेणाऱ्याला द्वारकेची वाट ठाऊक होती म्हणून ते पोचलं.

तेव्हा दिवे लागलेले असूनही पान उघडलं नाही, तर लगेच राउटर बदलू नका. आधी डीएनएस पाहा. त्या मुलाने लिहून दिलेली चिठ्ठी अजून माझ्या कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे. अडलं तर खुशाल बेल वाजवा.